न बसलेला गचका

गचका बसलाच नाही.

कौसल्याने त्याच्यासाठी अंग सावरून ठेवलं होतं. निमगाव मागे पडलं तशी तिने पाठ सीटपासून जराशी सोडवली, मांडीवरच्या पिशवीतल्या तांब्याच्या झाकणावर तळवा दाबला आणि दातांवर दात ठेवले. आता कॅनॉलच्या चारीवरचा तो बुटका पूल, पुलाच्या तोंडाशी खचलेला रस्ता, आधी पुढच्या चाकांचा गचका, मग मागच्या चाकांचा, आणि बारामतीहून माहेरी येताना दुसरा गचका पोटातून उतरतो न उतरतो तोच डाव्या हाताला वस्तीचा फाटा. लग्न झाल्यापासून हे असंच होतं. डोळे मिटून बसली असली तरी अंगाला कळायचं की माहेर आलं. आज ती थांबून राहिली. काचा बंद होत्या. कुठूनशी गार हवा गुडघ्यांवर येत होती आणि मोहनरावांनी फोनवरून लावलेलं भजन गाडीच्या चारी कोपऱ्यांतून ऐकू येत होतं, जणू गाडीतच कोणी टाळ घेऊन बसलंय. भजन संपलं, दुसरं सुरू झालं. मग तिने बाहेर पाहिलं, तर उसाचं अनोळखी रान मागे सरकत होतं, आवाज न करता.

"अहो, पूल?"

"कुठला पूल?"

"चारीवरचा."

"त्यो मघाच गेला की!" मोहनरावांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "कळलाबी न्हाय बघ तुला. ह्याला म्हणत्यात गाडी."

तिने मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. माहेर मागे गेलं होतं आणि तिच्या अंगाला पत्ता लागला नव्हता. इतकंच झालं होतं. कोणी मेलं नव्हतं, कोणी काही लागेल असं बोललं नव्हतं. उलट तिला त्रास झाला नव्हता. पण तिच्या बरगड्यांच्या आत काहीतरी, त्या न बसलेल्या गचक्यासाठी अजून तसंच आवळून बसलं होतं आणि सुटायचं कसं ते त्याला कळत नव्हतं.

सकाळी ह्याच रस्त्याने बारामतीहून इंदापूरला जाताना तो बसला होता. तेव्हा गाडी जुनी होती. आप्पासाहेबांची, म्हणजे तिच्या वडिलांची, सायीच्या रंगाची पद्मिनी. आजची तिची शेवटची खेप आहे हे कौसल्याला माहीत होतं. इंदापुरात विजयसिंह नावाच्या माणसाला ती द्यायची आणि त्याच्याकडची आठ वर्षं वापरलेली लांबोडकी चंदेरी गाडी घेऊन परत यायचं, हे महिन्याभरापूर्वीच ठरलं होतं. म्हणून तिने मनाशी म्हटलंही होतं की आजचा गचका नीट घ्यायचा, जपून, तीर्थ घेतात तसा. पण नेमके त्याच वेळी मोहनराव विचारायला लागले, तुझा उपास हाय का आज, मग माझ्या जेवणाचं काय करायचं, आणि ती "धपाटी घेतलीत" असं सांगत असतानाच गचका बसून गेला. शेवटचा. धपाट्यांत गेला.

आप्पासाहेबांचा पानमळा होता. नागवेलीच्या पानांची ओल्या पोत्यात बांधलेली गाठोडी ते ह्या गाडीच्या डिकीत घालून इंदापूर-बारामतीच्या बाजाराला न्यायचे. पुढे कितीही धुतली तरी उन्हात उभी राहिली की गाडीच्या आत तो वास उभा राही: ओलं पोतं, हिरवं तिखट पान, आणि त्याच्याखाली पेट्रोल. कौसल्या लग्न होऊन बारामतीला आली त्या वर्षी पंचमीच्या आदल्या दिवशी हा वास प्रथम सासरच्या अंगणात आला. लेकीला सासरहून न्यायला जो येतो त्याला मुऱ्हाळी म्हणतात. गावातल्या बाकीच्या पोरींचे मुऱ्हाळी एसटीने यायचे, सायकलवर यायचे, कुणाचा तर बैलगाडीने. कौसल्याचा गाडीतून आला. तिच्या सासूबाई, बनाबाई, ओसरीवरूनच म्हणाल्या, "कौसल्या, आलं बघ तुझं मुऱ्हाळी, पांढऱ्या घोडीवर बसून. आता चार दिस कुनाला हाक मारू मी?" आणि ती चुलीपुढून उठली ती आनंदातच. आनंदाला सासरी आवाज नसतो. तिने नेहमीच्याच बेताने भांडी पालथी घातली, डोक्यावरचा पदर नीट केला, देवापुढे हात जोडले, आणि मग गाडीचं ते जड दार तिच्यामागे धप् करून लागलं. त्या धप्पकन लागलेल्या दाराच्या आत ती पुन्हा आप्पासाहेबांची अक्का होती.

त्या गाडीला पुढे एकच सलग सीट होतं, बाकड्यासारखं. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. त्यामुळे चालवणारा आणि शेजारचा ह्यांच्यामध्ये काही नसायचं. असायची ती तिची कापडाची पिशवी, किंवा वाटेत घेतलेली कणसं. आप्पासाहेब बोलायचे फार कमी. पुलाच्या अलीकडे मात्र दर वेळी म्हणायचे, "धर गं." आणि ती धरायची, कधी दाराची मूठ, लहानपणी त्यांचं धोतर. ह्या नव्या गाडीत दोघांच्या मध्ये काळा उंचवटा आहे. त्याच्यावर गिअर, त्याच्यामागे खण, खणात मोहनरावांचा फोन. शेजारी बसलेल्या नवऱ्याचा हात कुठल्याशा दुसऱ्या खोलीत असल्यासारखा दिसतो.

पंचमीला, दिवाळीनंतर, मग पोरं झाली तेव्हा पोरांना घेऊन, मग पोरं मोठी होऊन पुण्याला गेल्यावर पुन्हा एकटी. न्यायला येणं कधी चुकलं नाही. आप्पासाहेबांना दिसायचं कमी झालं तेव्हा धाकटा गोकुळ गाडी चालवायचा, पण आप्पासाहेब शेजारी बसून येत. आणि मग ते गेले. तेराव्याचं गोडाचं जेवण झालं, पाव्हणे पान खात अंगणात बसले होते, तेव्हा गोकुळने सगळ्यांसमक्ष गाडीची चावी आणून तिच्या हातावर ठेवली. म्हणाला, "अक्का, ही तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. दाजींस्नी चालवता येती. आता तुला कुनाची वाट बघाय नको." पाव्हण्यांनी माना हलवल्या. भाऊ असावा तर असा, असं चुलत्याने बोलूनही दाखवलं. तिनेही मान हलवली. चावी गार होती. 'आता तुला कुनाची वाट बघाय नको' हे वाक्य तिच्या कानावरून आत गेलं, आणि आत जाऊन त्याने तोंड फिरवलं. आता कोणी येणार नाही. असं ते झालं.

संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावून ओंजळभर पाणी सोडायचा तिचा रोजचा नेम. सुतक संपलं होतं, तिने माहेरच्या तुळशीपुढे दिवा लावला, ओंजळीत पाणी घेतलं. मनात स्तोत्र म्हणायचं होतं. पण तिथे दुसरंच काहीतरी उमटलं: न्यायला कोणी आल्याशिवाय ह्या घराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही. वाक्य पुरं झालं आणि ओंजळ सुटली. पाणी वृंदावनावरून खाली ओघळलं. ती बघतच राहिली. दुसऱ्या कुठल्या बाईच्या मनात असं काही आलं असतं, तर रडून, झोपून, सकाळी चहाबरोबर ते गेलं असतं. पण कौसल्याचा सगळा जन्म नेमांवर उभा होता. सकाळी पोथीचा अध्याय वाचल्याशिवाय चहा नाही, गाईला घास घातल्याशिवाय जेवण नाही, चतुर्थीला मोरगाव, श्रावणात बाहेरचं पाणी नाही. हातात पाणी असताना मनात जे येतं आणि पाणी सुटतं, त्याला काय म्हणतात हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तो संकल्प. तिने तो केला नव्हता. तो तिच्या हातून सुटला होता. पुढच्या चतुर्थीला मोरगावला गणपतीपुढे उभी राहून तिने विचारलं सुद्धा, हा धरायचा की सोडायचा. गणपती गप्प राहिला. आणि देव गप्प राहिला की नेम चालूच राहतो, एवढं तिला अनुभवाने माहीत होतं.

भांडण नव्हतं, हीच तर अडचण होती. गोकुळ भाऊबीजेला बारामतीला यायचा. पाटावर बसायचा, ती ओवाळायची, तो साडी द्यायचा, रोहिणीने, म्हणजे त्याच्या बायकोने, दिलेले पेरू नाहीतर डाळिंबं पिशवीतून काढायचा. निघताना चपला घालता घालता म्हणायचा, "ये की गं अक्का कदी. गाडी हाय की दारात." ती म्हणायची, "येईन." चल म्हणाला असता तर ती अंगावरच्या लुगड्यानिशी निघाली असती. पण तो 'ये' म्हणायचा. 'ये' आणि 'चल' ह्यांच्यामध्ये बारामती ते निमगाव एवढा रस्ता होता आणि तो रस्ता तिला एकटीने चालता येत नव्हता. लग्नाकार्यात मंगल कार्यालयात भेटी व्हायच्या. हसून बोलायच्या. माहेरचं अंगण मात्र तिने आप्पासाहेबांच्या तेराव्यानंतर पाहिलं नव्हतं. मोहनरावांना वाटायचं, बाप गेल्यावर हिचं मन उठलं असेल. त्यांनी कधी खोलात विचारलं नाही. ते एमआयडीसीतल्या कारखान्यात स्टोअरला होते. कुठलीही वस्तू जागेवर असली की त्यांच्या लेखी प्रश्न मिटलेला असे.

आणि गाडी जागेवर होती. अंगणातल्या लिंबाखाली. दुपारी घर निजलं की कौसल्या मागच्या सीटवर जाऊन बसायची, काच खाली करायची, मांडीवर पोथी उघडायची. पण दुपारी काही वाचायचा नेम नव्हता. ती नुसती बसायची. उन्हाने टप तापायचं आणि हळूहळू सीटच्या रेक्झिनमधून, दाराच्या अस्तरातून, कुठल्याशा फटीतून तो पानांचा वास वर यायचा. ज्या गाडीने कोणी न्यायला यायचं ती गाडी तिच्याच दारात उभी होती. मग आता कोण कशाने येणार? असा विचार मनात आला की तिला आपलंच हसू यायचं. तरी ती बसायची. वाट बघायला ती जागा चांगली होती.

उन्हाळ्यात मोहनरावांना छातीच्या तपासणीला पुण्याला नेताना गाडी भिगवणच्या अलीकडे बंद पडली. धरणाच्या पाण्याच्या कडेला, भर उन्हात. मासळीच्या टेम्पोवाल्यांनी ढकलली, हसत हसत. "मामा, हिला आता पेन्शन द्या," असं त्यातला एकजण म्हणाला. मोहनराव घामाने भिजलेले, एक हात छातीवर, आणि कौसल्या बोनेटवर हात ठेवून उभी, तापलेल्या गुरावर ठेवावा तसा. त्या दिवशी तिने स्वतःच म्हटलं, "द्या ही. दुसरी घ्या." ती म्हणाली नसती तर मोहनरावांनी विषय काढला नसता. एवढं ते तिला ओळखत होते.

विजयसिंह सकाळी दारातच उभा होता, तरणाबांड, कानात बाळी. त्याला जुन्या गाड्यांचा नाद. लग्नाच्या वरातीला भाड्याने द्यायचा. त्याने पद्मिनीभोवती एक फेरी मारली, पत्र्यावर बोटाचं पेर वाजवलं आणि खुळ्यासारखा हसला. "काकी, हे लोखंड हाय लोखंड. आताच्या गाड्या म्हंजी बिस्किटाचे पुडे. काळजी करू नका. लगीनसराईत हिला मोगऱ्यानं मढवतो. नवऱ्या मुली रडत बसतील हिच्यात."

"रडतील?" कौसल्याने विचारलं.

"मग? सासरी जाताना हसत्यात व्हय कुनी?"

तिने पिशवीतून हळदीकुंकवाची कुयरी काढली. बोनेटला बोटं लावली. मग पुढच्या सीटवर मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड ठेवलं. मोहनराव दुसरीकडे बघायला लागले. "काय गं हे, गाडीची ओटी भरती का कोण?" असं पुटपुटले. विजयसिंह मात्र हसला नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली, आणि ती मागे सरकेपर्यंत तसाच उभा राहिला. तिच्या मनात आलं, हिला सासरी घालवायला मी आलेय. परत न्यायला कोण येणार हिला? आणि मग नव्या गाडीचं दार लागलं, अगदी हळू, नुसतं पुटकन. आणि बाहेरचं सगळं बंद झालं.

"अहो," मागे सरकणाऱ्या उसाकडे बघत कौसल्या म्हणाली. "मागे घ्या."

"काय राह्यलं? चश्मा?"

"फाट्याशी घ्या. वस्तीच्या."

मोहनरावांनी भजन बंद केलं. तिच्याकडे पाहिलं, मग आरशात पाहिलं. संसाराच्या एवढ्या वर्षांत तिने गाडी मागे घ्यायला सांगितली नव्हती. पुढे उसाच्या ट्रॅक्टरांनी मोकळं केलेलं एक ठिकाण होतं, तिथे त्यांनी गाडी वळवली. येताना पूल पुन्हा आला. ह्या वेळी ती बघत होती, डोळे ताणून. खचलेला भाग होता, तसाच होता, गाडी त्याच्यावरून पाण्यावरून जावी तशी गेली. फाट्याशी बाभळीखाली ते थांबले. श्रावण नुकताच लागला होता; आभाळ भरून यायचं पण ह्या बाजूला सांडायचं नाही, नुसती दमट हवा.

"जायाचं का आत?"

"नाही."

"मग?"

तिने काचेतून पाहिलं. मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना शेवरी, लांबवर पानमळ्याची हिरवी भिंत. मग तिने सांगितलं. एवढी वर्षं जे देवाशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं ते तिने नवऱ्याला, त्याच्याकडे न बघता, समोरच्या काळ्या फळीला सांगावं तसं सांगितलं. चावी, ओंजळ, उंबरा. सांगून झालं तेव्हा फार लहान वाटलं ते. चार वाक्यांत संपलं.

मोहनरावांनी हॅन्डब्रेक ओढला. मग म्हणाले, "गोकुळ मला दर डावाला इचारतो. अक्का का येत न्हाय? माझं काय चुकलं का? मी सांगतो, तिचं गुडघं दुखत्यात."

"माझे गुडघे?"

"मग काय सांगू? मला म्हायती व्हतं का काय?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "अगं, त्यानं गाडी दिली ती तू यावंस म्हणून."

ती त्यांच्याकडे वळली. तेवढ्यात मागून एक स्कूटी आली, पुढे जाऊन थांबली, मागे वळली. स्कूटीवर पुढे पेरूंचं क्रेट आणि त्याच्यामागे कसाबसा पाय टेकवत असलेली रोहिणी, डोक्याला उपरणं बांधलेली. तिने काचेला नाक लावलं, आतलं दिसलं तशी किंचाळलीच. मोहनरावांनी काच खाली केली.

"वन्सं! व्हय वो, तुमीच की! आन् ही कुनाची गाडी?"

"आमचीच," मोहनराव म्हणाले. "आजच घेतली. जुनी दिली."

रोहिणीचं तोंड उघडं राहिलं. "मामांजींची इकली? अगं आई गं. आता ह्यास्नी कोन सांगायचं?" मग कौसल्याकडे वळून, "आन् हितं बाभळीखाली का बसलाय? चला घरी. च्या टाकते."

"नको, रोहिणी."

"का? आमी काय वाळीत हाय का?"

"मला न्यायला कोणी आलं नाही गं." कौसल्या इतक्या हळू म्हणाली की रोहिणीला वाकावं लागलं. मोहनरावांनी उरलेलं सांगितलं. रोहिणी ऐकत गेली, तिच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग राग, मग दोन्ही गेलं.

"असं व्हय," ती म्हणाली. "आन् आमच्या घरात काय चाललंय म्हाईत हाय का तुमास्नी? मामांजींनी गाडीला शेड बांधल्याली. मी म्हनते त्यात वैरन भरू, पावसात कडबा भिजतो. तुमचं भाऊ काय म्हनत्यात? न्हाय. अक्काची गाडी आली तर उन्हात लावायची का? दर पंचमीला सोता झाडून घेत्यात. शेनानं सारवून. रिकामी शेड! लोकं हसत्यात. आन् तुमी तिकडं गाडी घिऊन वाट बघा, आमी हिकडं शेडात." तिने उपरण्याने कपाळ पुसलं. "मीच आले न्यायला समजा. चला."

"भावजय चालत नाही मुऱ्हाळी," कौसल्या म्हणाली, आणि तिला स्वतःचंच हसू आलं, रडण्याच्या इतकं जवळचं की मोहनरावांनी मान वळवली.

"बरं, उंबरा वलांडू नका. गाडीतनं उतरू बी नका. बसून ऱ्हावा देवीसारख्या. पर अंगनात तरी चला. अंगनाचं काय बोल्ला न्हवता न्हवं?"

अंगणाचं बोलली नव्हती. कौसल्याने मनात ते वाक्य पुन्हा चाचपून पाहिलं, देवळाच्या पायऱ्या चाचपाव्यात तसं. उंबरा होता. अंगण नव्हतं. मोहनरावांनी तिची हरकत येते का ते पाहिलं आणि गाडी मातीच्या रस्त्याला घातली. स्कूटी पुढे, क्रेटमधले पेरू उडतायत.

गोकुळ पानमळ्यातून येत होता. अंगात बनियन, पोटऱ्यांपर्यंत चिखल, केस पांढरे झालेले. भाऊबीजेला तो टोपी घालून येतो, म्हणून तिने हे केस पाहिले नव्हते. त्याने गाडीकडे पाहिलं, मग काचेतून तिच्याकडे. तसाच वळून धावत गेला. शेडच्या तोंडाशी लावलेली बांबूची ताटी त्याने ओढून बाजूला टाकली आणि आत शिरून, पाठीमागे सरकत, दोन्ही हातांनी बोलवायला लागला. येऊ द्या. येऊ द्या. डाव्या अंगानं. येऊ द्या. आवाज काचेतून येत नव्हता, पण ओठ दिसत होते.

"अरं, ही मावायची न्हाय त्यात," मोहनराव स्वतःशीच म्हणाले. आप्पासाहेबांनी शेड बांधली ती पद्मिनीच्या मापाने. दोन बाजूंना विटांच्या भिंती, वर पत्रा. पण गोकुळचे हात थांबेनात. आणि समोर कोणी इतक्या आशेने बोलवत असताना ब्रेक दाबायला जे मन लागतं ते मोहनरावांपाशी नव्हतं. गाडी आत गेली. एक आरसा भिंतीला लागून मिटला. मग दुसरा. गाडीत कुठेतरी टिवटिव सुरू झाली, ती वाढत गेली, आणि सलग झाली. थांबले. पुढची निम्मी गाडी शेडात, मागची निम्मी अंगणात. कौसल्याने दाराची मूठ ओढली. दार वीतभर उघडलं आणि विटांना टेकलं. मोहनरावांच्या बाजूलाही तेच.

शेडची मागची बाजू उघडी होती, कमरेइतकी भिंत तेवढी. तिच्या पलीकडे घराचं दार, आणि दाराचा उंबरा, हळदीच्या पट्ट्या ओढलेला. काचेच्या चौकटीत तो नेमका मध्यभागी आला होता. त्याच्यावरून रोहिणी बाहेर आली, एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. आल्या माणसावरून ओवाळायला. ती भिंतीशी थांबली आणि गोकुळला काहीतरी सांगू लागली. बंद काचांच्या आड कौसल्याला फक्त तोंडं दिसत होती. गोकुळचे बोलावणारे हात अजून वर होते. मग एक खाली आला. मग दुसरा. तो ऐकत होता. रोहिणी थांबली, पुन्हा बोलली, हाताने गाडी दाखवली, उंबरा दाखवला. गोकुळने वळून उंबऱ्याकडे पाहिलं, खूप वेळ, जणू तो तिथे आज कोणी आणून ठेवला होता.

आता तो रागावेल असं कौसल्याला वाटलं. रागावला असता तर बरंही वाटलं असतं. एवढी वर्षं मी काय परका होतो का, असं म्हणाला असता.  पण त्याने रोहिणीच्या हातातला तांब्या घेतला. ओवाळायचं पाणी. त्याने पाय धुतले, आधी एक, मग दुसरा. हात धुतले, तोंडावरून फिरवले. दोरीवर वाळत घातलेला सदरा ओढून अंगात घातला. गुंड्या घाईत वरखाली लागल्या. रोहिणीने आतून टोपी आणून दिली, ती घातली. आणि मग तो भिंत आणि गाडी ह्यांच्यामधल्या त्या अरुंद बोळातून, अंग चोरत, आडवा आडवा तिच्या दाराशी आला.

मोहनरावांनी आपल्याकडूनच तिच्या बाजूची काच खाली केली. बाहेरची दमट हवा आत आली.

गोकुळने तिच्याकडे पाहिलं नाही. तो वाकला, आणि तिच्या पलीकडे बसलेल्या मोहनरावांना म्हणाला, "दाजी, पंचमी आली. अक्काला न्यायला आलोय. पाठवताय न्हवं?"

मोहनरावांचे हात स्टिअरिंगवर होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, घरातलं कोणी मोठं माणूस उत्तर द्यायला आहे का असं. बनाबाई जाऊनही बरीच वर्षं झाली होती. मग त्यांनी घसा साफ केला.

"न्या की," ते म्हणाले. "पर घालवाय तुमीच यायचं. मी येनार न्हाय आनाय."

"मीच येनार."

"चार दिसांत."

"चार दिसांत," गोकुळ म्हणाला. मग पहिल्यांदा तिच्याकडे बघून, "चल, अक्का."

नेमात हे बसतं की नाही कौसल्याला कळेना. त्याच्याच घरी तो तिला न्यायला आला होता, दहा पावलं चालून. देवाने हे कशात धरलं असतं? तिने विचारलं नाही. तिने पिशवी उचलली, पदर डोक्यावरून घेतला, आणि दार लोटलं. ते वीतभर उघडलं आणि विटांना टेकलं.

"थांब, मागं घेतो," मोहनराव म्हणाले.

तिने दार ओढून घेतलं, गाडी मागे निघाली. गोकुळ हलला नाही. हलायला जागाच नव्हती. पोट आत घेऊन, दोन्ही तळवे विटांवर टेकून तो भिंतीशी चिकटून उभा राहिला. त्याचा चेहरा तिच्या खिडकीतून पुढे सरकला, वरखाली लागलेल्या गुंड्या सरकल्या, मग मधे बोनेट आलं, मग ऊन. तिने खिडकीतून मान बाहेर काढली. न्यायला आलेला भाऊ शेडच्या सावलीत भिंतीला टेकून उभा होता, आणि ती त्याच्याकडे बघत मागे मागे जात होती.